पाय जमिनीला टेकला तेव्हा

आंबा घाट उतरताना मधल्या एका वळणावर माझा उजवा पाय गाडीच्या तळाला टेकला. गाडी आमच्या अब्बांची, १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी. शेजारी बायको, मागे पुतण्या आणि त्याची आई. महिना मे, साल २०२२. आम्ही रत्नागिरीला निघालो होतो. ब्रेकवर पाय ठेवला, तर एरवी पायाला जे काही भेटतं ते भेटलंच नाही. ओल्या गवतावर पाय पडावा तसं काहीतरी मऊ लागलं आणि पेडल खाली गेलं.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो, कारण मला त्यातून थरारकथा करायची नाही. मी गिअर दुसऱ्यात टाकला, पाय तीनचार वेळा भराभरा मारला, तेव्हा थोडा ब्रेक सापडला. हातब्रेक ओढत ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. कुणाला खरचटलंही नाही. पुतण्या खाली उतरला, त्यानं चाकाला उटी लावली. म्हणजे काय, तर बैलगाडी चढावर थांबली की गाडीवान चाकामागे जो दगड सरकवतो, तोच. माणसाला ठाऊक असलेला हा बहुधा सगळ्यात जुना ब्रेक.

गंमत अशी की गाडीचे ब्रेक आम्ही दोनच महिन्यांपूर्वी 'सुधारले' होते.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा, त्याच्या आत अर्धचंद्रासारखे दोन शू. पेडल दाबलं की शू फाकतात आणि डब्याला आतून घासतात. माझ्या पुतण्याला ते जुनाट वाटायचं. तो पदविका घेतलेला मुलगा, हात चांगला, उत्साह त्याहून चांगला. त्यानं एका छोट्या आधुनिक गाडीचे डिस्क ब्रेक मिळवले आणि एका गॅरेजात पुढच्या दोन चाकांना बसवून घेतले. दिसायला सुरेख. पण पेडल पहिल्या दिवसापासून मऊ होतं. "नवीन आहेत, बसतील," असं गॅरेजवाला म्हणाला. मी बी.ए. झालेला माणूस, पदार्थविज्ञानाशी माझा संबंध शाळेत संपला. मला ते पटलं.

घाटात अर्धा तास थांबलो. चाकं इतकी तापली होती की रिमला हात लावता येईना. मग गाडी थंड झाली आणि ब्रेक परत आला! पहिल्यासारखा मऊ, पण आला. आम्ही पहिल्या गिअरमध्ये साखरप्यापर्यंत उतरलो. 'गेलेला ब्रेक थंड झाल्यावर परत येतो' ही खूण तेव्हा आम्हाला कळली नाही. ती कळली मामूंना, आणि तीही फोनवर.

मामू म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. आयुष्यभर कोल्हापुरात गाड्या दुरुस्त केल्या. आता ऐंशीला टेकलेत, हाताला कंप आहे, पण डोळा आणि कान शाबूत. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "पेडल बसत गेलं का एकदम गेलं? आन् थंड झाल्यावर आलं का?" मी सांगितलं. ते म्हणाले, "गाडी आणून टाक. हात कुणी लावू नका."

या गाडीची थोडी हकिगत सांगतो. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून तिची पहिली गाडी बाहेर पडली. फियाटची ११००-डी आपल्याकडे १९६४ पासून बनू लागली. तिलाच पुढे, १९७४ च्या सुमारास, पद्मिनी हे नाव मिळालं. लोक मात्र शेवटपर्यंत तिला 'फियाट'च म्हणत. आता इथे एक बारीक गोष्ट आहे. खुद्द इटलीत फियाटनं १९६६ मध्ये ११००-आर काढली आणि तिला पुढे डिस्क ब्रेक दिले. ती गाडीही तिकडे १९६९ मध्ये बंद झाली. आपल्याकडे डी आली ती आलीच. ड्रम ब्रेकसकट शतक बदलेपर्यंत बनत राहिली. स्पर्धा नव्हती, आयात नव्हती, गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून लोक थांबत. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले.

म्हणजे माझा पुतण्या जे करू पाहत होता ते इटलीत छप्पन्न वर्षांपूर्वी होऊन गेलं होतं. फरक इतकाच की तिथल्या इंजिनिअरांनी डिस्क बसवताना बाकीची साखळीही तपासली असणार. आम्ही साखळीची फक्त शेवटची कडी बदलली.

ही साखळी काय आहे? मी मामूंच्या अंगणात खुर्ची टाकून ती शिकलो आणि मग घरी येऊन तिचा इतिहास वाचला.

पेडल आणि चाक यांच्यामध्ये आहे द्रवाची एक काठी. ब्लेझ पास्कल हा फ्रेंच माणूस १६२३ मध्ये जन्मला आणि १६६२ मध्ये, चाळिशीही न गाठता, गेला. श्रद्धेविषयी त्यानं लिहिलेली टिपणं साहित्याचे विद्यार्थी वाचतात. मीही त्याला तिथूनच ओळखत होतो. त्यानंच सांगून ठेवलं की बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला, तर तो सगळीकडे सारखाच पोचतो. त्याचा तो निबंध तो गेल्यावर १६६३ मध्ये छापला गेला. लहान नळीत थोडा जोर लावा, मोठ्या नळीत मोठा जोर मिळेल. फुकट मात्र नाही. जोर वाढला की अंतर घटतं: लहान दट्ट्या खूप सरकतो तेव्हा मोठा दट्ट्या जरासा हलतो. जोसेफ ब्रामानं १७९५ मध्ये याच तत्त्वावर दाबयंत्राचं पेटंट घेतलं. पण हे मोटारीच्या चाकापर्यंत यायला आणखी सव्वाशे वर्षं लागली.

ते आणलं माल्कम लॉकहीडनं. हा आणि त्याचा भाऊ ॲलन, दोघे विमानांचे वेडे. १९१६ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांनी कंपनी काढली. आजच्या प्रसिद्ध विमान कंपनीच्या नावात राहिलेलं आडनाव त्यांचंच. त्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग असं विचित्र होतं की लोक हमखास चुकीचं उच्चारत, म्हणून पुढे उच्चाराप्रमाणे ते बदलून घेतलं. माल्कमनं १९१७ मध्ये द्रवाच्या ब्रेकचं पेटंट घेतलं आणि दोन वर्षांनी विमानं सोडून तो मोटारींच्या गावी, डेट्रॉइटला गेला. १९२१ मध्ये ड्युसेनबर्ग कंपनीच्या गाडीला चारही चाकांना असे ब्रेक आले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल मान इथे झालेली ग्रां प्री शर्यत ड्युसेनबर्गनंच जिंकली, चारही चाकांच्या द्रव-ब्रेकांच्या जोरावर. ल मान हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

माल्कमचं यंत्र मात्र गळायचं. दट्ट्याभोवतीची वाटी कातड्याची. कातडं सुकलं की आकसायचं आणि द्रव बाहेर. १९२४ मध्ये क्रायस्लर कंपनीनं आपल्या नव्या गाडीसाठी ते घेतलं तेव्हा तिच्या इंजिनिअरांनी कातड्याच्या जागी रबराची वाटी आणली, आणि मग कुठे यंत्राला भरवसा आला. हेन्री फोर्डला मात्र तो भरवसा वाटेना. पेडलपासून चाकापर्यंत सलग पोलाद असलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. गळू शकणाऱ्या द्रवावर माणसाचा जीव कसा सोपवायचा? १९३९ च्या मॉडेलपर्यंत फोर्डच्या गाड्या सळया आणि तारांच्या ब्रेकवरच चालल्या. लोक आज त्याला हटवादी म्हणतात. आंबा घाटात माझा पाय खाली गेला तेव्हा मी फोर्डच्या बाजूचा होतो.

तर मामूंचं अंगण. त्यांनी आधी पाना उचलला नाही. मला गाडीत बसवलं आणि म्हणाले, "पायाला विचार." एक: पेडल हळूहळू, सावकाश दाब. दोन: दाबून धरून ठेव, तीस आकडे मोजतो. तीन: पाय काढून भराभरा तीनदा मार.

या तीन गोष्टींत निम्मं निदान आहे, हे मला त्या दिवशी कळलं. दाबून धरलेलं पेडल जर हळूहळू बुडत गेलं, तर द्रव कुठेतरी निसटतोय: एक तर बाहेर गळतोय, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आतच वाटीच्या कडेनं मागे येतोय. आमचं पेडल मऊ होतं पण बुडत नव्हतं. म्हणजे गळती नाही. भराभरा मारल्यावर ते वर आलं आणि बरंच घट्ट झालं. याचा अर्थ पहिल्या दाबात चाकापर्यंत पुरेसा द्रव पोचत नाही, दुसऱ्या-तिसऱ्यात पोचतो. शू किंवा पॅड फार लांब बसलेत, किंवा मास्टर सिलिंडर कमी माल ढकलतोय. पण घट्ट झाल्यावरही पेडलला एक स्पंजासारखी उसळी होती. मामू म्हणाले, "हे दोन आजार हायत. एक न्हाई."

उसळी म्हणजे हवा. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा असला की पायाचा जोर तो बुडबुडा चेपण्यातच संपतो. रेल्वेत नेमकं उलटं असायचं. आपल्याकडच्या जुन्या रेल्वेगाड्यांना निर्वात ब्रेक होते. गाडीभर फिरणाऱ्या नळीतली हवा काढून टाकलेली असे आणि साखळी ओढली की त्या नळीत हवा शिरे आणि ब्रेक लागत. हवा शिरणं आगगाडीला वाचवायचं, मोटारीला मारतं. बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, चढ कुठे कुठे सदतीस फुटांत एक फूट. तेव्हा ब्रेकवर इतका कमी विश्वास की निसटलेली गाडी चढावर वळवून थांबवता यावी म्हणून वेगळे आंधळे रूळ घालून ठेवले होते. मोटारीच्या घाटात तशी वाट नसते.

पण हवा आली कुठून? गॅरेजवाल्यानं पाचदा हवा काढली होती. पुतण्या शपथेवर सांगत होता: निपल ढिला केला, पेडल मारलं, स्वच्छ तेल आलं, एक बुडबुडा नाही.

मामूंनी तीन गुळगुळीत पकडी मागवल्या. चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्या, पुढच्या दोन आणि मागची एक, फडकं गुंडाळून त्यांनी हलकेच चिमटल्या. मग मला पेडल दाबायला सांगितलं. काय सांगू! पेडल वरच्या वर, दगडासारखं. म्हणजे मास्टर सिलिंडरमध्ये किंवा पुढच्या धातूच्या नळ्यांत हवा नाही, वाट्या शाबूत आहेत. मागची पकड सोडली. पेडल थोडं खाली आलं, पण उसळी नाही. याचा अर्थ मागचे शू ड्रमपासून लांब आहेत. ते जवळ आणायला हवेत. मग पुढची डावी सोडली, आणि आला तो स्पंज. उजवी सोडली, आणखी आला.

मामू गुडघ्यावर बसले, बॅटरीचा झोत टाकला आणि पुतण्याला म्हणाले, "बेटा, निपल कुठं हाय बघ." निपल कॅलिपरच्या खालच्या अंगाला होता. दोन्हीकडे. गॅरेजात डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला गेला होता. दोन्ही हुबेहूब बसतात, बोल्ट लागतात, गाडी थांबतेही. पण हवा हलकी, ती वर जाऊन बसणार. आणि तिला बाहेर जायचं दार खाली. पाचदा काय, पन्नासदा तेल सोडलं असतं तरी स्वच्छच आलं असतं. कॅलिपर अदलाबदल केले, निपल वर आले, आणि पहिल्याच दाबाला बाटलीतल्या तेलातून बुडबुड्यांची अशी माळ निघाली की पुतण्याचं तोंड पाहण्यासारखं झालं.

इथे डिस्क ब्रेकचं थोडं बोललं पाहिजे. लोकांना ते नवं वाटतं. फ्रेडरिक लँचेस्टरनं बर्मिंगहॅममध्ये त्याचं पेटंट १९०२ मध्येच घेतलं होतं. फ्रान्समध्ये लुई रेनोचा ड्रम ब्रेकही त्याच वर्षाचा. दोन भावंडं एकाच साली जन्मली म्हणा. एक लगेच घरात रुळलं, दुसरं पन्नास वर्षं बाहेर राहिलं. लँचेस्टरची चकती तांब्याच्या पट्ट्यांनी दाबली जायची आणि ती अशी किंचाळायची की ऐकवत नसे. घासणारी वस्तू कशाची करायची, हाच खरा प्रश्न होता. त्याचं उत्तर इंग्लंडमधल्या हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं शोधलं. सांगतात की डर्बीशरच्या उतारांवर शेतकऱ्यांच्या घोडागाड्यांना त्यानं लाकडी ठोकळ्याचे ब्रेक पाहिले आणि त्या ठोकळ्यांवर जुन्या बुटांचे तुकडे ठोकलेले पाहिले. त्यावरून १८९७ मध्ये त्यानं ब्रेकच्या अस्तराचा धंदा काढला. आपल्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून त्यात बायकोच्या नावाचं एक घातलं आणि 'फेरोडो' नाव तयार केलं. मामूंच्या कपाटात त्या नावाचे जुने रिकामे डबे आजही खिळे ठेवायला आहेत. पुढे ही अस्तरं ॲस्बेस्टॉसची झाली. ती धूळ फुप्फुसाला किती घातक, हे गॅरेजांत फार उशिरा पोचलं. मामू सांगतात, ड्रम उघडला की आम्ही तोंडानं फुंकर मारून साफ करायचो. हे ते हसत सांगतात. मला हसू येत नाही.

डिस्कचं नशीब उघडलं ते पुन्हा ल मानला, १९५३ मध्ये. जॅग्वार कंपनीची सी-टाइप गाडी डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून चोवीस तासांच्या शर्यतीत उतरली आणि जिंकली. सरासरी वेग ताशी शंभर मैलांच्या वर, त्या शर्यतीत पहिल्यांदाच. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, आणि आतली उष्णता आतच कोंडते. चकती उघड्यावर असते, वारा तिला निववतो. पण त्या यशाआधी चाचण्यांत चालकांना वेगळाच अनुभव आलेला होता: ब्रेकचं तेल उकळणं, आणि चाक जरा हेलकावलं की चकती पॅडना मागे ढकलते, मग पुढच्या वेळी पेडल एकदम खोल जातं. म्हणजे मऊ पेडल हे डिस्क ब्रेकच्या जन्मापासूनचं दुखणं आहे. दोन वर्षांनी सित्रोएननं डीएस गाडी आणली. तिला पुढे डिस्क, आणि पेडलच्या जागी जमिनीवर रबराचं एक अळंबीसारखं बटण. त्याला प्रवास जवळजवळ नाहीच. दाब मोजून काम करणारं. चालक पहिल्या दिवशी डोकं काचेवर आपटून घेत असतील.

आता दुसरा आजार. हवा निघाली, मागचे शू जवळ आणले, तरी पेडल पहिल्या दाबात खोलच जायचं. मामूंनी व्हर्नियर मागितला. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या भरला १९ मिलिमीटर. नव्या कॅलिपरचा दट्ट्या ४८. मग त्यांनी खडूनं फरशीवर हिशेब मांडला. माझ्या मामूंचं शिक्षण सातवी. दट्ट्याचं क्षेत्रफळ त्यांना तोंडपाठ काढता येतं.

तो हिशेब असा. ४८ मिलिमीटरच्या एका दट्ट्याचं क्षेत्रफळ अठरा चौरस सेंटिमीटरच्या आसपास; दोन चाकांचे छत्तीस. पॅड चकतीला टेकायला आणि घट्ट बसायला समजा अर्धा मिलिमीटर सरकावे लागतात. म्हणजे १.८ घन सेंटिमीटर तेल हवं. १९ च्या मास्टरचं क्षेत्रफळ २.८. एवढं तेल ढकलायला त्याला साडेसहा मिलिमीटरच्या जवळपास सरकावं लागतं. पेडलची तरफ पाचास एक धरली, तर पायाला सव्वातीन सेंटिमीटर केवळ पुढच्या चाकांसाठी जातात. मागच्यांचं वेगळं. जुना मास्टर जुन्या ड्रमच्या छोट्या दट्ट्यांसाठी बेतलेला. त्याचा यात काही दोष नाही. त्याला त्याच्या वाट्याचं काम येतं, आम्ही त्याच्या अंगावर दुसऱ्याचं टाकलं. गझलेत मतल्याचा काफिया बदलावा आणि पुढचे शेर तसेच ठेवावेत, तसं ते होतं. एकेक ओळ चांगली असते, पण गझल उभी राहत नाही.

२२ मिलिमीटरचा मास्टर बसवला, तर तोच प्रवास चोवीस मिलिमीटरवर येतो. पुतण्या खूश. मामू म्हणाले, "थांब. पास्कलसाहेबाला विसरू नको." (पास्कलचं नाव मीच त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, आणि ते त्यांना फार आवडलं होतं.) मास्टर मोठा केला की त्याच पायाच्या जोराला दाब कमी मिळतो. हिशेब केला तर पायाला तिसऱ्या हिश्श्यानं जास्त जोर लावावा लागणार. पद्मिनीला ब्रेक हलका करणारा बूस्टर नाही. पेडल घट्ट होईल, पण जडही होईल. बायकोच्या पायाला ते झेपेल का, असं मामूंनी विचारलं आणि तिला गाडीत बसवून बघितलं. झेपलं. मगच त्यांनी मान हलवली.

पण घाटात ब्रेक गेला कसा आणि आला कसा, हे अजून राहिलं. हवा आणि लांब पेडल तर आधीपासून होतं. मामूंनी पुढची चकती दाखवली: तिच्यावर निळसर झाक होती. तापून तापून पडते तशी. म्हणजे ब्रेक सोडल्यावरही पॅड पूर्ण सुटत नव्हते. जुन्या ड्रम ब्रेकच्या मास्टरमध्ये बहुधा एक छोटी झडप असते. ती पाय काढल्यावरही नळीत थोडा दाब शिल्लक ठेवते, दर चौरस इंचाला साधारण दहा पौंड. शूंना ओढून घेणाऱ्या ताठ स्प्रिंगा असतात, त्यामुळे तिथे हा दाब नडत नाही. उलट वाट्या ताणलेल्या राहतात आणि हवा आत शिरत नाही. डिस्कला अशी स्प्रिंग नसते. तिथे तोच उरलेला दाब पॅडना चकतीवर कायम टेकवून ठेवतो. सपाट रस्त्यावर तुम्हाला कळणारही नाही. घाटात चकती तापते, कॅलिपर तापतो, आणि शेवटी आतलं तेल.

ब्रेकचं तेल हे खरं तर तेल नव्हे. सुरुवातीला तर ग्लिसरिन, अल्कोहोल आणि पाणी यांचं मिश्रण वापरत. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत असतं ते ग्लायकॉलच्या जातीचं, आणि त्याला हवेतला ओलावा शोषून घ्यायची खोड आहे. डॉट-३ दर्जाचं ताजं तेल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये, असा नियम. ओलावा खाल्लेल्या तेलासाठी तीच मर्यादा १४० वर येते. गॅरेजवाल्यानं कुठलं तेल घातलं, असं मामूंनी विचारलं. पुतण्याला आठवलं: फळीवरचा अर्धा डबा, झाकण नीट न लागणारा. कोल्हापूरचा पावसाळा त्या डब्यानं किती पाहिला, देव जाणे. ते तेल घाटात उकळलं, त्याची वाफ झाली, वाफ हवेसारखीच चेपली जाते, आणि माझा पाय खाली गेला. अर्ध्या तासानं वाफेचं पुन्हा पाणी झालं आणि ब्रेक परत आला. गळती असती तर परत आला नसता. म्हणून मामूंनी फोनवर तो एकच प्रश्न विचारला होता.

दुरुस्ती तशी लहानच झाली. दोन खणांचा नवा मास्टर, पुढच्या डिस्कच्या वाटेवर ती झडप नाही, मागच्या ड्रमच्या वाटेवर आहे. नवं सीलबंद तेल. दोन खणांचा मास्टर हा मामूंचा हट्ट. जुन्या पद्मिनीत चारही चाकांना एकच नळी. एक नळी फुटली की चारही गेली. अमेरिकेत १९६८ पासून मोटारींना दोन स्वतंत्र मार्ग सक्तीचे झाले. अब्बांनी फळांच्या आडतीसाठी या एका नळीच्या गाडीनं वीस वर्षं आंबा घाट केला, दर हंगामात, कधी कधी आठवड्यातून दोनदा. आम्ही पोरं मागे पेट्यांमध्ये बसून. मला हे त्या अंगणात पहिल्यांदा कळलं. मामूंना तेव्हाही ठाऊक होतं. मी विचारलं, "मग तुम्ही अब्बांना कधी बोलला नाहीत?" ते म्हणाले, "बोलून काय करणार? दुसरी गाडी कुठं होती? म्हणून दर महिन्याला मी स्वतः गाडीखाली जायचो."

अब्बा घाट सुरू व्हायच्या आधी आंबा गावात चहाला थांबायचे. चहा झाला की गाडीत बसून, इंजिन चालू करायच्या आधी, तीनदा ब्रेक मारायचे आणि चौथ्यांदा दाबून धरून डोळे मिटायचे. आम्हाला वाटायचं, दुआ म्हणतायत.

या पावसाळ्याआधी आम्ही पुन्हा रत्नागिरीला निघालो. पुतण्या चालवत होता. आंब्याला चहा झाला. तो गाडीत बसला, तीनदा पाय मारला, चौथ्यांदा दाबून धरला आणि मागे बसलेल्या मामूंकडे बघितलं. मामू खिडकीबाहेर पाहत मोठ्यानं मोजत होते: सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस.